०.६६९ चा मोह: वस्तुमानांच्या एका सूत्राचे प्रकरण

पार्श्वभूमी

सैद्धांतिक कणभौतिकीतली एक पीएच.डी. विद्यार्थिनी. कोर्सवर्क संपलेले, प्रबंधाचा विषय ठरायचा बाकी. मार्गदर्शक अनुभवी, हिग्ज बोसॉनशी निगडित गणितात मुरलेले. मी तिच्या सल्लागार समितीवर होतो, त्यामुळे पुढचे सगळे जवळून पाहता आले. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. भौतिकी आणि आकडे मात्र आहेत तसेच ठेवले आहेत.

तिला छळणारा प्रश्न जुना होता: मूलकणांची वस्तुमाने आहेत तेवढीच का? २०१२ मध्ये सर्न येथे हिग्ज बोसॉन सापडला तेव्हा हे कोडे सुटले असा पुष्कळांचा समज झाला. सुटले होते ते अर्धे. १९६४ मध्ये ब्राउट, आंग्लेर, हिग्ज आणि इतर तिघांनी मांडलेली यंत्रणा वाइनबर्ग यांनी १९६७ मध्ये लेप्टॉनांना, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि त्याच्या जातीच्या कणांना, लावली. ती सांगते की सर्वत्र पसरलेल्या हिग्ज क्षेत्राशी कण जितका घट्ट जोडलेला, तितके त्याचे वस्तुमान अधिक. या जोडाच्या मापाला युकावा स्थिरांक म्हणतात. क्वार्क म्हणजे प्रोटॉनसारखे कण ज्यांचे बनतात ते मूलकण. त्यांतल्या टॉप क्वार्कचा युकावा स्थिरांक जवळजवळ १ आहे, इलेक्ट्रॉनचा सुमारे ०.०००००३. दोघांत एवढी दरी का, यावर स्टँडर्ड मॉडेल, म्हणजे मूलकणांचा आजचा मान्य सिद्धांत, गप्प बसते. आकडा प्रयोगातून मोजायचा आणि समीकरणात भरायचा. विद्युतभार असलेले तीन लेप्टॉन आणि सहा क्वार्क मिळून असे नऊ आकडे हाताने भरलेले आहेत. न्यूट्रिनोंचा, म्हणजे भार नसलेल्या लेप्टॉनांचा, हिशेब वेगळाच.

जाता जाता एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण ती पुढे कामी येते. प्रोटॉनचे वस्तुमान ९३८ एमईव्ही (कणांची वस्तुमाने ज्यात मोजतात ते ऊर्जेचे एकक), पण त्यातल्या दोन अप आणि एका डाउन क्वार्कच्या वस्तुमानांची बेरीज जेमतेम ९ एमईव्ही भरते. उरलेले सारे क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या तीव्र बलाच्या ऊर्जेतून येते. म्हणजे आपल्या शरीराच्या वजनातला हिग्जचा वाटा किरकोळ आहे. ‘वस्तुमान का?’ या प्रश्नाला प्रोटॉनसाठी एक उत्तर आहे आणि इलेक्ट्रॉनसाठी दुसरे.

नऊ आकड्यांच्या या जंगलात एक पायवाट दिसते ती कोइदे सूत्राची. जपानी भौतिकशास्त्रज्ञ योशिओ कोइदे यांनी ते १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडले. इलेक्ट्रॉन आणि त्याचे जड भाऊबंद म्यूऑन आणि टाऊ यांच्या वस्तुमानांची बेरीज घ्या. तिला त्यांच्या वर्गमुळांच्या बेरजेच्या वर्गाने भागा. उत्तर २/३ येते. हे गुणोत्तर १/३ (तिन्ही वस्तुमाने समान) आणि १ (एकच वस्तुमान बाकीच्यांना गिळून टाकणारे) यांच्या दरम्यान कुठेही येऊ शकते, आणि २/३ बरोबर मध्यावर आहे. सूत्र मांडले गेले तेव्हा टाऊचे मोजलेले वस्तुमान १७८४ एमईव्हीच्या आसपास होते, सूत्राला मात्र १७७७ हवे होते. १९९२ मध्ये बीजिंगच्या प्रयोगाने टाऊ पुन्हा मोजला आणि आकडा १७७७ च्या शेजारी येऊन बसला. आजची सरासरी १७७६.९३, सूत्राचे भाकीत १७७६.९७. गुणोत्तर काढले तर ०.६६६६६४ येते. २/३ पासूनचा हा फरक मोजमापाच्या अनिश्चिततेत सहज मावतो.

असे काही पाहिल्यावर तरुण संशोधकाला झोप येत नाही, आणि येऊही नये.

पेच

लेप्टॉनांना जमते तर क्वार्कांना का नाही, हा तिचा पुढचा विचार स्वाभाविकच होता. अप, चार्म, टॉप हे त्रिकूट घेतले तर गुणोत्तर ०.८५ येते. डाउन, स्ट्रेंज, बॉटम घेतले तर ०.७३. निराशा. मग तिने तिन्हींचा विद्युतभार समान असण्याची अट सोडून वजनाने सर्वांत जड असलेले तीन घेतले: चार्म १.२७, बॉटम ४.१८, टॉप १७२.६ जीईव्ही (१ जीईव्ही म्हणजे १००० एमईव्ही). उत्तर आले ०.६६९.

हे त्रिकूट याआधीही इतरांच्या नजरेत भरले आहे, हे तिला संदर्भ चाळताना कळले. पण तिने पुढची पायरी गाठली. वर्गमूळ ऋणही असू शकते. स्ट्रेंजचे वर्गमूळ ऋण धरून स्ट्रेंज, चार्म, बॉटम हे त्रिकूट लावले की ०.६७५ येते. दोन त्रिकुटांत दोन क्वार्क सामाईक. तिला त्यात साखळी दिसली: जड त्रिकुटातून खाली उतरत सगळी वस्तुमाने दोन वस्तुमानांवरून काढता येतील अशी. तिने परिषदेसाठी गोषवारा लिहून टाकला आणि मार्गदर्शकांपुढे ठेवला.

“सर, दोन आकड्यांत सहा बसवता येतील असं दिसतंय.”

सर म्हणाले, “आधी बघू दे,” आणि गोषवारा जाऊ दिला. माझ्या मते हे पहिले वळण होते, आणि ते कोणीही जाणीवपूर्वक घेतले नाही. समितीच्या बैठकीत प्रश्न आला तोवर शीर्षक परिषदेच्या कार्यक्रमात छापलेले होते. आपल्या नावापुढे छापलेल्या दाव्याच्या बाजूने माणूस नकळत झुकतोच.

समोरचे पर्याय

बैठकीत चार वाटांची चर्चा झाली, पण चारही सारख्या वजनाच्या नव्हत्या.

पहिली वाट म्हणजे सूत्र जसे सापडले तसे छापायचे, कारण नंतर कोणीतरी शोधेल. या वाटेला मोठा वारसा आहे. बाल्मर यांनी १८८५ मध्ये हायड्रोजनच्या चार वर्णरेषांवरून सूत्र बांधले, त्याचे कारण बोर यांनी १९१३ मध्ये दिले. तिने हेच उदाहरण पुढे केले. समितीतल्या एका सदस्याने लगेच दुसरे टोक दाखवले. १९५१ मध्ये फिजिकल रिव्ह्यू या नियतकालिकात लेंझ यांचे काही ओळींचे टिपण छापून आले: प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्या वस्तुमानांचे गुणोत्तर म्हणजे पायचा पाचवा घात गुणिले सहा, म्हणजे १८३६.१२. तेव्हाच्या मोजमापाशी ते जुळत होते. आजचा आकडा १८३६.१५ आहे आणि त्याची अचूकता अशी की जुळणी केव्हाच तुटली. पण मोजमाप सुधारण्याची वाट पाहायचीही गरज नव्हती. प्रोटॉनचे वस्तुमान तीव्र बलातून येते, इलेक्ट्रॉनचे युकावा स्थिरांकातून. दोन निराळ्या यंत्रणांतून आलेल्या संख्यांचे इतके सुटसुटीत नाते असावे असे मानायला आधारच नाही. बाल्मर यांच्यापुढे एकाच अणूच्या, एकाच प्रकारच्या घटनेतून आलेल्या रेषा होत्या. तिच्या त्रिकुटात चार्म आणि टॉप एका भाराचे, बॉटम दुसऱ्या. ही गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती.

दुसरी वाट: सूत्राला सममितीचा पाया द्यायचा. लेप्टॉनांसाठी हे प्रयत्न झालेले आहेत. तीन वर्गमुळांना एका बाणाचे तीन घटक मानले, तर कोइदे सूत्र एवढेच सांगते की हा बाण तिन्ही घटक समान असलेल्या बाणाशी बरोबर ४५ अंशांचा कोन करतो. कोन म्हटला की सममिती आठवते. कणांच्या तीन पिढ्यांना जोडणारी कुटुंब-सममिती मांडायची, हिग्जसारखी नवी अदिश क्षेत्रे आणायची आणि त्यांची किमान ऊर्जा नेमकी त्या कोनावर यावी असे विभव, म्हणजे ऊर्जेचे सूत्र, रचायचे. काम कष्टाचे, पण करण्याजोगे.

तिसरी वाट फ्रॉगट आणि नील्सन यांच्या १९७९ च्या कल्पनेची. प्रत्येक कणाला नव्या सममितीचा एक पूर्णांकी भार द्यायचा. त्या भारानुसार कणाचे वस्तुमान एका लहान संख्येच्या, साधारण ०.२२ च्या, घातात घटते. चार्म आणि टॉप यांच्यात चार घातांचे अंतर, अप आणि टॉप यांच्यात सात-आठ घातांचे. इलेक्ट्रॉन आणि टॉप यांच्यातली दरी मग अद्भुत वाटत नाही. काही पूर्णांकांचा फरक एवढेच तिचे रूप उरते. खोट अशी की प्रत्येक पदापुढे ‘एकच्या आसपासचा’ एक अज्ञात गुणक असतो. त्यामुळे उत्तर दोन-तीन पटींच्या अचूकतेपलीकडे जात नाही.

चौथी वाट न्यूट्रिनोंची होती: सी-सॉ यंत्रणा, जिच्यात एक अतिजड जोडीदार न्यूट्रिनोला हलके करतो. प्रयोग चालू आहेत, आकडे येत आहेत, नोकरीच्या दृष्टीनेही बरे. तिला त्यात रस नव्हता आणि तिने तसे स्पष्ट सांगितले. ती वाट तिथेच संपली.

खरी रस्सीखेच राहिली ती दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेत. एकीकडे पाच दशांश स्थळांपर्यंत जुळणारे नाते, पण कारण हवेत. दुसरीकडे कारण समजेल असे, पण आकडा ढोबळ. कणांच्या वस्तुमानांवरचे बहुतेक सैद्धांतिक काम या दोन टोकांमध्येच विभागलेले आहे, हे मला त्या बैठकीत नव्याने जाणवले.

निर्णायक प्रश्न

बैठक संपता संपता एका सदस्याने विचारले, “ही वस्तुमाने कुठल्या ऊर्जेवरची आहेत?”

हा प्रश्न तांत्रिक वाटतो, पण सगळे प्रकरण त्यावरच फिरले. पुंज क्षेत्र सिद्धांतात वस्तुमान हा एकच ठाम आकडा नसतो. कणाला कोणत्या ऊर्जेवर पाहता त्यानुसार तो सरकतो. याला रनिंग वस्तुमान म्हणतात. मोकळ्या फिरणाऱ्या लेप्टॉनला स्वतःचे ‘पोल’ वस्तुमान असते, ते थेट मोजता येते. क्वार्क मोकळा सापडत नाही. तक्त्यात छापलेले चार्मचे १.२७ हे चार्मच्याच ऊर्जेवरचे, बॉटमचे ४.१८ हे बॉटमच्या ऊर्जेवरचे, आणि टॉपचे १७२.६ हे तर वेगळ्याच व्याख्येचे, टकरींतून थेट काढलेले. तिने तीन वेगळ्या मापपट्ट्यांनी घेतलेली मापे एका सूत्रात घातली होती.

तिने त्याच आठवड्यात हिशेब पुन्हा केला. टॉपसाठी या पोलसदृश आकड्याऐवजी त्याच्याच ऊर्जेवरचे रनिंग वस्तुमान, सुमारे १६३ जीईव्ही, घेतले तर ०.६६९ चे ०.६६३ होते. म्हणजे केवळ व्याख्या बदलताच उत्तर २/३ च्या एका बाजूने उडी मारून दुसऱ्या बाजूला गेले. मग तिन्ही क्वार्क झेड बोसॉन या दुर्बल बलाच्या वाहक कणाच्या ऊर्जेवर, ९१ जीईव्हीवर आणले. चार्म ०.६२, बॉटम २.९, टॉप सुमारे १७२. गुणोत्तर ०.७२. जुळणी उरली नाही.

इथे तिने एक चांगला आक्षेप घेतला, आणि तो टाळण्याजोगा नव्हता. मूळ कोइदे सूत्रही पोल वस्तुमानांवरच चालते. लेप्टॉन झेडच्या ऊर्जेवर नेले तर गुणोत्तर ०.६६७९ होते. फरक दिसायला लहान, पण आजच्या मोजमापाच्या अनिश्चिततेच्या काहीशे पट. मग त्या सूत्राला मान आणि माझ्या सूत्राला नकार का?

उत्तराचे दोन भाग आहेत. लेप्टॉनांचे तिन्ही आकडे निदान एकाच व्याख्येचे आहेत, क्वार्कांचे नाहीत. हा भाग सोपा. दुसरा भाग असा की लेप्टॉनांचे सूत्र पोल वस्तुमानांवर चालते हेच तर त्याचे खरे कोडे आहे. सममितीतून आलेले नाते उच्च ऊर्जेवर नेमके असायला हवे आणि खाली येताना विद्युतचुंबकीय दुरुस्त्यांनी बिघडायला हवे. इथे उलट दिसते. २००९ मध्ये सुमिनो यांनी सुचवले की कुटुंब-सममितीचे नवे बल या दुरुस्त्या बरोबर खोडून काढत असेल. पण त्यासाठी दोन वेगळ्या बलांच्या तीव्रतांत नेमके प्रमाण लागते, आणि ते प्रमाण कुठून आले हे पुन्हा सांगावे लागते. म्हणजे मूळ सूत्राला सरसकट मान्यता नाही. ते उघडे प्रकरण आहे. त्याच्या आधारावर दुसरे सूत्र उभे करणे म्हणजे न सुटलेल्या प्रश्नाला पुरावा मानणे.

काय केले

परिषदेतले भाषण रद्द केले नाही. शीर्षक तेच ठेवून मजकूर बदलला, आणि ‘हे नाते ऊर्जेनुसार टिकते का?’ हा प्रश्न मध्यभागी आणला. मार्गदर्शकांचा हा निर्णय मला पटला. माघार घेतली असती तर तिने त्याला अपयश मानले असते.

दुसरे काम योगायोगाचे माप काढण्याचे. सहा क्वार्कांतून तीन निवडायचे २० प्रकार. वर्गमुळांची चिन्हे बदलायची मुभा घेतली तर प्रत्येकाचे चार, म्हणजे ८० उमेदवार. गुणोत्तराचा पट्टा १/३ ते १. त्यात २/३ च्या दोन्ही बाजूंना ०.०१ ची खिडकी ठेवली तर ती पट्ट्याचा तीन टक्के भाग व्यापते. नुसत्या २० त्रिकुटांतही एखादे त्या खिडकीत पडण्याची शक्यता अर्ध्याच्या आसपास. चिन्हांची मुभा ती आणखी वाढवते. तिने संगणकावर लॉगरिदमी मापाने विखुरलेली सहा मनमानी वस्तुमाने पुन्हा पुन्हा निवडून पाहिली. त्यांतही ‘कोइदे त्रिकुटे’ वारंवार निघत. खिडकी अरुंद करून लेप्टॉनांइतकी केली की ती जवळजवळ नाहीशी होत. या एका तुलनेने लेप्टॉनांचे सूत्र आणि क्वार्कांचे सूत्र एका पंक्तीत का बसत नाहीत, हे तिच्या स्वतःच्या आकड्यांतून दिसले. समितीने तासभर सांगून ते झाले नसते.

तिसरे, प्रबंधाचा विषय फ्रॉगट-नील्सन वाटेवर वळवला. मात्र तिने एक अट स्वतःहून घातली: कोणते भार चालतात हे पाहण्याआधी ‘चालणे’ म्हणजे काय ते लिहून ठेवायचे. अज्ञात गुणक किती फाकू द्यायचे, सगळी वस्तुमाने कोणत्या ऊर्जेवर घ्यायची, क्वार्कांचे मिश्रणकोन (क्वार्क एकमेकांत किती मिसळतात याची मापे) मोजायचे की नाही, सगळे आधीच ठरवलेले. मिश्रणकोन घेतले हे बरे झाले. डाउन आणि स्ट्रेंज यांच्या वस्तुमानांच्या गुणोत्तराचे वर्गमूळ कॅबिबो कोन या मिश्रणकोनाच्या आकड्याशी, ०.२२ शी, जुळते हे १९६८ पासून माहीत आहे. हे नाते तिच्या बऱ्याच भारयोजनांतून ढोबळमानाने आपसूक निघाले. शिवाय दोघांचीही वस्तुमाने तीव्र बलामुळे ऊर्जेनुसार एकाच प्रमाणात सरकतात, त्यामुळे त्यांचे गुणोत्तर जागचे हलत नाही. ०.६६९ ला जी परीक्षा झेपली नाही, ती हे जुने नाते सहज पार करते.

निष्पत्ती

प्रबंध पूर्ण झाला, स्वीकारला गेला. निष्कर्ष झगमगीत नव्हता: पुष्कळ भारयोजना साधारण सारख्याच चांगल्या ठरतात, आणि आजच्या आकड्यांवरून त्यांच्यातली एक निवडता येत नाही. फ्रॉगट-नील्सन दरीचे कारण देते, पण एका ठराविक उत्तराकडे नेत नाही. बाह्य परीक्षकांनी नेमके यावरच बोट ठेवले. तिने पळवाट शोधली नाही. या सममितीचे नवे कण किती जड असावेत, हे सिद्धांत ठरवत नाही. ते पोहोचेबाहेर असतील तर या कल्पनेची कसोटी लागणारच नाही, असे तिने सरळ मांडले.

क्वार्क त्रिकुटांचे काम एका छोट्या टिपणाच्या रूपात छापले गेले. तिच्या प्रबंधापेक्षा त्या टिपणावरच जास्त पत्रे आली, त्यातली बरीच स्वतःची सूत्रे पाठवणाऱ्यांची.

वेगळे काय करता आले असते

गोषवारा पाठवण्याआधी ‘कुठल्या ऊर्जेवर?’ हा प्रश्न विचारायला हवा होता, आणि तो मार्गदर्शकांनी विचारायचा होता. त्यांना उत्तर ठाऊक होते. विद्यार्थिनीचा उत्साह मोडू नये म्हणून ते थांबले, असे ते नंतर म्हणाले. मला हे कारण अपुरे वाटते. त्या टप्प्यावर एका दुपारचा हिशेब पुरला असता.

लेप्टॉनांचे सूत्र मात्र आम्ही फार लवकर बाजूला सारले असे मला आजही वाटते. बैठकीतला कल असा होता की क्वार्कांचे पडले म्हणजे ती सारी दिशाच संशयास्पद. हे अनुमान चुकीचे होते. तिच्याच यादृच्छिक चाचणीने लेप्टॉनांची जुळणी वेगळ्या जातीची असल्याचे दाखवले होते. सुमिनो यांच्या मार्गावर एक प्रकरण लिहायला वाव होता: नव्या कुटुंब-बोसॉनांचे परिणाम कुठल्या प्रयोगात दिसतील, एवढे जरी तपासले असते तरी कामाला प्रयोगाची धार आली असती. वेळ नव्हता हे खरे, पण वेळ नसल्याचे एक कारण म्हणजे साखळीवर गेलेले सुरुवातीचे महिने.

आणि जपानमधल्या बेल-२ प्रयोगाने २०२३ मध्ये टाऊचे वस्तुमान १७७७.०९ एमईव्ही असे जाहीर केले तेव्हा तिने मला कळवले. अनिश्चितता धरली तर सूत्र अजून आत आहे, पण या मोजमापाच्या ते खालच्या अंगाला पडते. आधीच्या मोजमापांच्या सरासरीच्या ते वरच्या अंगाला होते. पुढचे मोजमाप त्याला किती जागा ठेवते याचा हिशेब ती आता दुसऱ्या विषयावर काम करतानाही अधूनमधून करत असते.